आजीच्या वहीत घुसलेली चिठ्ठी!

समज, बोर्ली पंचतनला आजीकडे उकडीच्या मोदकांचा बेत ठरलाय. आजीची पाककृतींची जाडजूड वही कपाटात आहे. ती चुलीजवळ न्यायची नाही हं, तेलाचे डाग पडतील! म्हणून काकू हवी तेवढी कृती चिठ्ठीवर उतरवून घेते. चिठ्ठी बघून मोदक तयार!

तुझ्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अस्संच चालतं! वहीचं नाव डीएनए, चिठ्ठीचं नाव आरएनए. वहीवरून चिठ्ठी आणि चिठ्ठीवरून पदार्थ, म्हणजे प्रथिनं.

पण १९७० साली काय कळलं, ओळख बघू! काही विषाणू चक्क उलटे चालतात! ते पेशीत येतात तेच आपली चिठ्ठी घेऊन. बरोबर एक नक्कलकारही आणतात. तो चिठ्ठीवरून थेट वहीचं पान लिहून काढतो! ते पान वहीत डकवलं, की झालं. बिचारी पेशी ते आपलंच समजून रांधायला बसते. आणि शिजतं काय? नवे विषाणू!

या उलट्या चालीमुळेच त्यांना म्हणतात रेट्रोव्हायरस. एचआयव्ही त्यांच्यातलाच एक.

तो केवढा असेल? दिवेआगरच्या पुळणीवरचा एक मिलिमीटरचा वाळूचा कण घे. त्याच्या रुंदीत सुमारे दहा हजार एचआयव्ही रांगेत उभे राहतील! आणि एचआयव्हीच्या चिठ्ठीत जनुकं, म्हणजे पाककृती, किती? फक्त ९!

मग एवढासा जीव माणसाला आजारी कसा पाडतो? हा लबाड नेमका वर्गाच्या मॉनिटरलाच गाठतो! आपल्या रक्तात मदतनीस टी-पेशी असतात, त्याच हे मॉनिटर. जंतू दिसला की त्या बाकीच्या पेशींना हाका मारतात. औषध मिळालं नाही, तर काही वर्षांत हे मॉनिटर कमी होत जातात. मग एरवी सहज पळून जाणारे जंतूही वर्गात धुडगूस घालतात. हाच एड्स.

भारतात हा विषाणू पहिल्यांदा कुणी शोधला, ठाऊक आहे? १९८६ साली मद्रासला, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला यांनी! सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमधल्या मराठी घरातल्या. रक्ताचे नमुने तपासायला वेल्लोरला न्यायचे होते. तोवर ठेवायचे कुठे? निर्मलाताईंनी ते ठेवले घरच्या फ्रिजमध्ये! त्यांतल्या सहा नमुन्यांत एचआयव्हीची खूण सापडली.

हा विषाणू रक्तातून, आईकडून बाळाला किंवा शरीरसंबंधातून जातो. एका डब्यात जेवून, कबड्डी खेळून, मिठी मारून मुळीच नाही! आता नक्कलकाराचा हात धरून ठेवणारी औषधं आहेत. ती रोज घेतली, तर माणूस भरपूर जगतो. पण डकवलेलं पान या औषधांनी निघत नाही, म्हणून औषध थांबवायचं नाही.

आणि आता सगळ्यांत मोठी गंमत! तुझी वही १०० पानांची धरली, तर त्यातली सुमारे ८ पानं अशाच जुन्या विषाणूंनी डकवलेली आहेत! तुझ्या-माझ्या, सगळ्यांच्या वहीत! लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वी ती आपल्या पूर्वजांच्या वहीत शिरली आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली. बहुतेक पानं आता पुसट झालीत.

पण काही अजून कामाला येतात. आईच्या पोटात तुला खाऊ कोण पोचवत होतं? वार! आणि ती वार घडवताना शरीराने उघडलं होतं, एका जुनाट विषाणूचं पान!