पेढीची कंपनी झाल्यावर

आपल्या संघातील अनेक सभासदांच्या पेढ्या आता खासगी मर्यादित कंपन्या झाल्या आहेत. गादीतक्क्याच्या जागी टेबलखुर्ची आली, रोजमेळ संगणकात गेला, आणि मुनीमजींच्या शेजारी कंपनी सेक्रेटरी अथवा लॉ ऑफिसर या हुद्द्याचा एखादा सुशिक्षित तरुण किंवा तरुणी बसू लागली. हे लोक नेमके काय शिकून येतात, आणि त्यांच्याकडून आपण कोणत्या कामाची अपेक्षा धरावी, याविषयी आपल्यांत बरेच गैरसमज आहेत. पुष्कळांच्या मते सचिव म्हणजे सरकारी फॉर्म भरणारा कारकून. या समजुतीने मालकाचे व त्याच्या कुटुंबाचे नुकसान होते, म्हणून या विषयाचा थोडा ऊहापोह आम्ही येथे करीत आहोत.

पेढीत मालक आणि भांडवल यांत भेद नसतो. गल्ल्यातून घरखर्चास रक्कम उचलली, तर ती आपल्या नावे मांडली की झाले. कंपनी ही मात्र कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे. तिचे सर्व शेअर एकाच कुटुंबाकडे असले, तरी तिची मालमत्ता कुटुंबाची होत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १६६ प्रमाणे संचालकांनी सद्भावनेने व कंपनीच्या हिताकरिता वागले पाहिजे. ते तसे वागले किंवा नाही, हे पुढे कागदावरून ठरते. तो कागद वेळेवर व खरा होईल हे पाहणे सचिवाकडे येते. कलम २०५ प्रमाणे कायद्याचे पालन होत आहे की नाही याचा अहवाल त्याने संचालक मंडळास द्यावयाचा असतो. केवळ अध्यक्षांस खूश ठेवून त्याचे कर्तव्य पुरे होत नाही.

या शिक्षणाचा इतिहास फार जुना नाही. १९५६ च्या कंपनी कायद्यानंतर १९६० मध्ये सरकारने सचिवांकरिता पदविका सुरू केली. १९६८ मध्ये त्यासाठी संस्था निघाली, आणि १९८० च्या कायद्याने भारतीय कंपनी सचिव संस्थेस वैधानिक दर्जा मिळाला. प्रवेश परीक्षा, एक्झिक्युटिव्ह व प्रोफेशनल या पायऱ्या चढून, शिवाय पावणेदोन वर्षे प्रत्यक्ष उमेदवारी करून विद्यार्थी सभासदत्वास पात्र होतो. शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीस, तसेच १० कोटी रुपये वा अधिक वसूल भांडवलाच्या सार्वजनिक कंपनीस पूर्णवेळ सचिव नेमावा लागतो. खासगी कंपनीसही २०२० पासून हीच मर्यादा लागू आहे. पूर्वी ती ५ कोटींची होती. याहून लहान कंपन्यांनी स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या सचिवाचा सल्ला घ्यावा.

कॉर्पोरेट गव्हर्नन्स या नावाने जो विषय शिकविला जातो, त्याचे मर्म एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. समजा, एका खासगी कंपनीत तिघे बंधू संचालक आहेत. थोरल्या बंधूंची वेगळी भागीदारी पेढी असून तिचे गुदाम कंपनीस भाड्याने घ्यावयाचे आहे. घरच्या रिवाजाप्रमाणे थोरल्यांनी सांगितले, धाकट्यांनी मान डोलावली, की व्यवहार पुरा झाला. शिकलेला सचिव येथे चार गोष्टी विचारतो. सभेची सूचना किमान सात दिवस आधी गेली काय? कलम १८४ प्रमाणे थोरल्यांनी आपला हितसंबंध सभेपुढे उघड केला काय? कलम १८८ च्या दृष्टीने पाहता भाडे बाजारभावास धरून आहे, हे कशावरून? आणि हे सर्व तीस दिवसांच्या आत इतिवृत्ताच्या वहीत उतरले काय? खासगी कंपनीत हितसंबंध सांगितल्यावर त्या संचालकास चर्चेत भाग घेता येतो. सार्वजनिक कंपनीत त्याने बाजूस राहावयाचे असते.

ही विचारपूस व्यवहार अडविण्याकरिता नसते. दहा वर्षांनी पुढच्या पिढीत वाटणीचा प्रश्न निघाला, अथवा दिवंगत बंधूंच्या पत्नीने आपल्या शेअरांचा हिशेब मागितला, तर भाडे का व किती ठरले याचे उत्तर त्या पानावर मिळते. हिशेबतपासनीस मागतात म्हणून वर्षअखेरीस साऱ्या सभांची इतिवृत्ते एकाच बैठकीत, एकाच शाईने लिहून काढण्याची चाल काही घरांत आहे. भावाभावांत बेबनाव झाला म्हणजे अशी वही सर्वांच्याच विरुद्ध साक्ष देते.

मोठ्या कंपनीत हे प्रकरण कोठवर जाते, ते हैदराबादकरांनी जवळून पाहिले आहे. सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या संचालक मंडळाने १६ डिसेंबर २००८ रोजी प्रवर्तक राजू कुटुंबाशी संबंधित अशा मायटास नावाच्या दोन कंपन्यांची सुमारे १६० कोटी डॉलरची खरेदी मंजूर केली. भागधारकांनी विरोध करताच काही तासांत तो बेत सोडावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी पत्राने कबूल केले की ताळेबंदातील रोकड व बँकशिल्लक यांपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. मंडळावर नामांकित विद्वान होते, सभाही रीतसर भरत होत्या; तरी प्रवर्तकाच्या सोयीचा ठराव मंजूर झाला. पुढे २०१३ च्या कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या व मोठ्या सार्वजनिक कंपन्यांच्या कारभाराची तपासणी बाहेरच्या सचिवाकडून करून घेणे आवश्यक केले. केवळ कलमे पाठ असून भागत नाही. प्रतिकूल सल्ला लेखी देण्याचे व सभेतील मतभेद जसाच्या तसा नोंदविण्याचे वळणही लागावे लागते.

पगारी विधी अधिकाऱ्याची स्थिती थोडी निराळी आहे. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्यास त्या काळात वकिली करता येत नाही. पक्षकाराशी झालेले बोलणे गुप्त राखण्याचे जे संरक्षण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने वकिलास मिळते, ते अशा अधिकाऱ्यास लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी स्पष्ट केले. त्यास कलम १३४ चा मर्यादित आधार तेवढा राहतो. यास्तव गंभीर दाव्यात बाहेरच्या वकिलाचा सल्ला घेणे इष्ट, हे मालकांनीही जाणून ठेवावे.

आपल्या धर्मास हा विचार नवा नाही. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, आणि न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव बुडविणे, यांची गणना आहे. न झालेल्या सभेचे इतिवृत्त पहिल्यात मोडते; इतरांचे भांडवल गुपचूप घरी वळविणे हे दुसऱ्यापासून फार दूर नाही.

सचिव संस्थेच्या शाखा बेळगाव, गोवा, इंदूर, वडोदरा व हैदराबाद येथे आहेत, आणि कंपनीकारभाराच्या शिक्षण व संशोधनाकरिता तिचे एक केंद्र नवी मुंबईत बेलापूर येथे आहे. सभासदांनी आपल्या मुलामुलींस या शिक्षणास अवश्य पाठवावे. त्याबरोबर मालकांनी स्वतःही तीन नियम पाळावेत: सभा खरोखर भरवावी, सचिवाचा सल्ला मानला नाही तरी तो लेखी घेऊन जपून ठेवावा, आणि संचालकाची कर्तव्ये एखाद्या वर्गात बसून समजून घ्यावीत. शिकलेल्या माणसास 'मागील तारखेने लिहा' असे सांगितले, तर त्याचे शिक्षण व आपण दिलेला पगार ही दोन्ही वाया जातात. येत्या वर्षी कंपनीच्या पहिल्या सभेपासूनच सभासद बंधुभगिनी हा क्रम सुरू करतील, अशी आम्हांस आशा आहे.