मोटारीची गादी आणि अंगाचा घाम

ठाणे-भिवंडी रस्त्यावर राहनाळ नावाचे गाव आहे. या पट्ट्यात पूर्वी भातशेती होती. आता राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे अशा गावांतून गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. मुंबईला जाणारा आणि मुंबईहून निघणारा माल इथे उतरतो, इथेच पुन्हा चढतो. त्यामुळे या रस्त्यावर मालमोटारी रात्रंदिवस उभ्या दिसतात. त्यांच्यामधून वाट काढीत अधूनमधून एखादी किमती परदेशी मोटारही जाते.

या दोन वाहनांच्या गाद्या बघा. मालमोटारीत रेक्झिन असते, किमती मोटारीत कातडे. यांपैकी सुखाची गादी कोणती, असे कोणालाही विचारा. तो म्हणेल, यात विचारायचे ते काय? कातड्याची! पण मे महिन्याच्या दुपारी त्याच कातड्याच्या गादीवर कोणी अर्धा तास बसून खाली उतरला, तर त्याचा सदरा पाठीला चिकटलेला असतो. लाखो रुपयांच्या मोटारीत असे का व्हावे? आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

आधी आपल्या घरातला माठ घेऊ. माठातले पाणी गार होते आणि चिनी मातीच्या बरणीतले होत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. माठाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपून बाहेर येते आणि त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती आतल्या पाण्यातून घेतली जाते. बरणीवर काचेसारखा लेप असतो. पाणी बाहेर येत नाही, म्हणून ते गारही होत नाही.

आपले शरीर हाही एक माठच आहे असे समजा. एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक कॅलरी उष्णता लागते. त्याच एक ग्रॅम घामाची कातडीवर वाफ व्हायला मात्र सुमारे 580 कॅलरी लागतात आणि त्यांतील बहुतेक उष्णता अंगातून जाते. शरीर थंड ठेवण्याचा हा निसर्गाचा मोठा उपाय आहे. पण त्याला एक अट आहे. घामाची वाफ झाली पाहिजे. नुसता घाम आला आणि तो अंगावरून ओघळला, किंवा पाठ आणि गादी यांच्यामध्ये अडकून राहिला, तर गारवा मिळत नाही. अंग ओले होते आणि उकाडा तसाच राहतो. तेव्हा गादीची परीक्षा करायची ती एकाच प्रश्नाने: ही घामाला वाट देते का?

आता कातड्याकडे येऊ. जनावराच्या कातड्याचा मधला जाड थर बारीक तंतूंचा बनलेला असतो. कापडात उभा आणि आडवा असे दोन धागे असतात. कातड्यात हे तंतू सर्व दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. त्यांच्या मधल्या पोकळीतून वाफ हळूहळू पलीकडे जाते. शिवाय तंतू स्वतःही ओल शोषून घेतात आणि हवा कोरडी झाली की ती परत सोडतात. याचा पुरावा आपल्या गावातच आहे. पावसाळ्यात हलगीचे कातडे सैल पडते आणि आवाज बसतो. म्हणून वाजवणारे ती आधी जाळावर शेकतात. हवेतली ओल कातड्याने पिऊन घेतलेली असते, ती शेकल्यावर निघून जाते.

कच्चे कातडे कुजते, म्हणून ते कमवावे लागते. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे आणि मग बाभळीची साल, हिरडा यांच्या तुरट पाण्यात मुरवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. कोल्हापुरी चपलेचे कातडे याच पद्धतीने तयार होते. या चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आले. कोल्हापुरी वहाण दिवसभर पायात असली तरी तळवा सहसा चिकचिकत नाही. एक तर ती वरून मोकळी असते, आणि दुसरे म्हणजे तिचे कातडे उघडे असते. त्यावर रंगाचा जाड थर नसतो.

याच्या उलट उदाहरण म्हणजे विहिरीवरची मोट. मोटही कातड्याचीच. पण तिच्यात पाणी राहायला हवे, म्हणून शेतकरी ती तेल पाजून ठेवीत असे. तेलाने तंतूंमधल्या वाटा बुजत. कातडे तेच, पण वहाणेत ते माठासारखे वागते आणि मोटेत बरणीसारखे. कातड्यावर आपण काय चढवले आहे, त्यावर सारे ठरते. मोटारीच्या गादीचे कोडे सुटते ते इथे.

मोटारीतल्या गादीवर उन्हाचा मारा असतो. चहा सांडतो, पँटचा निळा रंग उतरतो, रोज कोणी तरी घासत चढतो आणि उतरतो. उघडे कातडे हे सोसणार नाही. त्यावर डाग पडतील आणि ते उन्हाने विटेल. म्हणून कारखान्यात त्यावर रंगद्रव्याचा आणि त्यावर पॉलियुरेथेन नावाच्या प्लॅस्टिकचा पातळ लेप देतात. लेपाने कातडे टिकाऊ होते, पुसले की स्वच्छ होते. पण वाफेच्या वाटाही बऱ्याच अंशी बंद होतात. लेप जितका जाड, तितका श्वास कमी. काही फार महाग गाड्यांत नुसता पातळ रंग मुरवलेले कातडे वापरतात. ते मऊ असते, वाफ चांगली जाऊ देते. पण त्याला फार जपावे लागते. बहुतेक मोटारींत लेपाचेच कातडे असते. शिवाय ज्याला आपण कातडे म्हणतो ते पुष्कळदा कातडे नसतेच. मर्सिडीझसारख्या कंपनीच्या अनेक गाड्यांतही ‘आर्टिको’ नावाचे कृत्रिम कातडे असते.

आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्या. कातड्याखाली फोमचा जाड थर असतो, तो उष्णता धरून ठेवतो. आणि कातड्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे तो अंगाला सगळीकडे टेकतो. कापडाचे तसे नाही. कापड धाग्यांच्या टोकांवर टेकते, मध्ये हवेच्या बारीक फटी राहतात. म्हणूनच उन्हात उभ्या मोटारीत कातडे चटका देते आणि थंडीत तेच गार लागते.

कारखानदारांना हे कळत नव्हते असे नाही. त्यांनी गादीच्या मधल्या भागात टाचणीने टोचावीत तशी छिद्रे पाडली. पण खालची हवा हलत नसेल, तर नुसत्या छिद्रांनी फारसे साधत नाही. घराला खिडकी आहे, पण समोर भिंत आहे, तसा तो प्रकार. मग गादीच्या आत लहान पंखे आले. 1990 च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनच्या साब कंपनीने आपल्या 9-5 या मोटारीत अशी हवेशीर गादी दिली. भारतात 2017 साली ह्युंदाईच्या व्हर्ना मोटारीत ती मिळू लागली आणि पुढे मध्यम किमतीच्या बऱ्याच गाड्यांत आली. म्हणजे आधी कातड्याचे तोंड लेपाने बंद केले, मग त्याला भोके पाडली आणि मग त्यांतून हवा खेळवायला पंखा बसवला!

तुम्ही म्हणाल, मग श्रीमंतांनी कातडे पसंत केले तरी का? याचा इतिहास गमतीचा आहे. मोटारी नव्या होत्या, त्या काळी अनेक बड्या गाड्यांत चालक पुढे उघड्यावर बसे आणि मालक मागे बंद खोलीत. पावसापाण्यात टिकावी म्हणून चालकाची गादी कातड्याची असे. मालकाच्या गादीला उत्तम लोकरी कापड असे. त्या वेळी कातडे ही नोकराची बैठक होती आणि कापड ही धन्याची. गाड्या सगळीकडून बंद झाल्या आणि पुढे हा क्रम उलटला. पण जपानमध्ये जुनी आवड टिकली. तिथे 1967 पासून निघणारी टोयोटाची सेंच्युरी ही मोटार मंत्री आणि मोठे उद्योगपती वापरत आले, आणि तिच्या गाद्यांना लोकरी कापड लावण्याची रीत आहे. कातडे कुरकुरते, कापड आवाज करीत नाही, असे तिथले लोक म्हणतात. तेव्हा कातडे म्हणजेच थाट, ही समजूत काही सृष्टीचा नियम नाही.

आता राहनाळच्या मालमोटारीत परत येऊ. तिच्यातले रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला प्लॅस्टिकचा थर. रेक्झिन हे मूळचे इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या मालाचे नाव. आपल्याकडे ते साऱ्या जातीला पडले. ते स्वस्त आहे, धुता येते, चिवट आहे. पण वाफेच्या दृष्टीने ती निव्वळ बरणी. किमती मोटारीचा मालक तिच्यात तास दोन तास बसतो, तेही गार हवेत. मालमोटारीचा चालक आठ आठ, दहा दहा तास बसतो. खाली इंजिन तापलेले असते आणि गोदामापुढे नंबर येईपर्यंत गाडी उभी असते, म्हणजे वाराही नाही. जो सर्वांत जास्त वेळ बसतो, त्याच्या वाट्याला सर्वांत कोंदट गादी येते. घामोळे, जांघेतला नायटा, सतत चुळबुळ आणि त्यातून येणारा थकवा हे सारे तो मुकाट्याने सोसतो. थकलेल्या चालकाचे लक्ष उडते आणि त्याचा धोका रस्त्यावरच्या सर्वांना असतो. म्हणून ही केवळ ऐषआरामाची बाब समजू नका. मध्यम आणि जड मालमोटारींच्या चालकासाठी केबिन वातानुकूलित असली पाहिजे, असा नियम 2025 पासून बनणाऱ्या नव्या गाड्यांना लागू झाला, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याआधीच्या गाड्या अजून पुष्कळ वर्षे धावतील.

त्यात आपली कोकणपट्टीची हवा दमट. 30 अंश सेल्सिअस तपमानाला एक घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम वाफ मावते. पावसाळ्यात त्यांतली 25 ग्रॅमची जागा आधीच भरलेली असली, तर घामाला उरते ती 5 ग्रॅमची. अशा वेळी गादीने वाट दिली तरी बाहेरची हवा हलती हवी. खिडकी, पंखा किंवा वातानुकूलन यंत्र यांचे काम तेच.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे सारे वर्गात करून दाखवता येईल. सारख्या तोंडाचे चार पेले घ्या आणि प्रत्येकात अर्धा पेला पाणी मोजून घाला. चप्पल शिवणाऱ्या कारागिराकडून रंग न दिलेल्या पातळ कातड्याचे दोन तुकडे आणा. त्यांतल्या एकावर तेलरंगाचे दोन हात द्या आणि तो पुरता वाळू द्या. गाड्यांच्या सीट शिवणाऱ्याकडून रेक्झिनची एक कात्रण आणा. चौथा तुकडा जाड सुती कापडाचा. चार पेल्यांची तोंडे या चार तुकड्यांनी दोऱ्याने घट्ट बांधा. पाणी तुकड्याला लागू देऊ नका. पेले सावलीत, वारा येईल अशा ठिकाणी ठेवा आणि आठवडाभर रोज एकाच वेळी किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोला. वजन जितके घटेल तितकी वाफ बाहेर गेली. आकडे मुलांनाच फळ्यावर मांडू द्या. उघडे कातडे आणि रंगवलेले कातडे यांतला फरक त्यांनी स्वतः पाहिला, की पुढचे सांगावे लागणार नाही.

शेवटी वाहन चालवणाऱ्यांसाठी आणि वापरणाऱ्यांसाठी चार गोष्टी. नवी गाडी आली की गादीवरचे प्लॅस्टिक पुष्कळ जण वर्षभर काढीत नाहीत. ते पहिल्याच दिवशी काढा. कातड्याच्या गादीला खोबरेल तेल चोळू नका, चमक येते पण वाटा बुजतात. ओल्या फडक्याने पुसून कोरडी केली तरी पुरे. छिद्रांची गादी असेल तर छिद्रांत धूळ साचू देऊ नका. आणि रेक्झिनच्या गादीवर बसून कामे करणाऱ्यांनी सोलापुरी टॉवेलाच्या किंवा जाड सुती कापडाच्या दोन खोळी शिवून घ्याव्यात. एक वापरात, दुसरी उन्हात. सुती कापड घाम पिते, पण भिजलेले तसेच राहिले तर तेही त्रास देते, म्हणून खोळी दोन हव्यात. लाकडी मण्यांचे आसन मिळाले तर तेही उत्तम, कारण मण्यांच्या मधून हवा जाते. सुतळीची बाज आणि वेताची खुर्ची उन्हाळ्यात बरी वाटते ती याच कारणाने.

भिवंडीच्या मागांवर रात्रंदिवस कापड विणले जाते, आणि त्याच कापडाचे गठ्ठे वाहून नेणारा चालक रेक्झिनवर घामाघूम होतो. गाडीच्या मालकांनी वर्षातून एकदा प्रत्येक चालकाला दोन खोळी करून दिल्या, तर खर्च फार नाही. गाडीच्या कागदपत्रांत ज्या वस्तूंची यादी असते, तिच्यात आणखी एक ओळ वाढेल इतकेच.