सुका कचरा सुका राहिला तर

दुधाची पिशवी रिकामी झाली की आमच्या घरी तिच्यात अर्धी वाटी पाणी घालून हलवतात. ते पाणी चहाच्या आधणात जातं. पिशवी उलटी करून नळावर अडकवतात आणि वाळली की बाल्कनीतल्या गोणीत टाकतात. या सगळ्याला अर्धा मिनिट लागतो. तरी घरी आलेलं कुणी ना कुणी ते पाहून विचारतंच, "एवढं करून उपयोग काय? पुढे सगळं एकत्रच होतं ना?"

प्रश्न रास्त आहे. काही शहरांत, काही भागांत खरोखरच तसं होतं. घरोघर वेगळा केलेला कचरा एकाच गाडीत दाबला जातो आणि लोकांचा उत्साह तिथेच मरतो. म्हणून या प्रश्नाचं उत्तर सगळीकडे सारखं नाही. ते शोधायचं तर पिशवीच्या मागोमाग जावं लागतं. मी पुण्यात राहतो, त्यामुळे पुण्याचं सांगतो.

पुण्यात बऱ्याच भागांत कचरा न्यायला दारात येते ती कचरावेचक बाई. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत १९९३ साली इथे उभी राहिली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून तिचे सभासद दारोदार कचरा गोळा करू लागले. साडेतीन हजारांच्या आसपास माणसं, त्यांत बहुतांश बायका. त्यांची मिळकत दोन बाजूंनी येते. प्रत्येक घर महिन्याला ठरावीक शुल्क देतं, आणि गोळा केलेल्या सुक्या कचऱ्यातला विकता येण्यासारखा माल त्यांचा स्वतःचा असतो. यातला दुसरा भाग नीट लक्षात घ्यायला हवा. ज्या बाईचं घर त्या पुठ्ठ्यावर आणि बाटल्यांवर चालतं, ती तो माल ओल्या कचऱ्यात मिसळू देणार नाही. पाहुण्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे दडलेलं आहे. साखळीतल्या कुणाचं पोट त्या मालावर असेल, तर तो वेगळा राहतो.

फेरी संपली की माल निवडायला बसायचं. कुठे शेड असते, कुठे पुलाखालची सावली, कुठे नुसता रस्त्याच्या कडेचा तुकडा. वर्तमानपत्रं एका बाजूला, पुठ्ठा दुसऱ्या, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, शाम्पूच्या कडक बाटल्या वेगळ्या, पत्र्याचे डबे वेगळे. निवडलेला माल भंगारच्या दुकानात काट्यावर चढतो. प्रत्येक ढिगाचा दर वेगळा. मिसळलेल्या ढिगाला कमी दर मिळतो, ओल्या-खरकट्या मालाला त्याहून कमी, आणि पुष्कळदा काहीच नाही.

आता कल्पना करा, एका घराने सुक्या कचऱ्यात आमटीचा उरलेला डबा टाकला. आमटी आधी कागदात उतरते. भिजलेला कागद एका रात्रीत कुबट होतो आणि दुकानदार पाण्याचं वजन कापून घेतो, किंवा माल परत करतो. पिशव्या एकमेकींना चिकटतात. माशा येतात. आमच्या अर्ध्या मिनिटाच्या आळसाने त्या बाईचा पाऊण तास आणि दिवसाच्या कमाईतला एक तुकडा जातो. घरातली मेहनत सार्थकी लागते की नाही, हा हिशेब मी पहिल्यांदा इथे मांडतो. पर्यावरण त्यानंतर.

पुढे वस्तूगणिक फरक पडतो, आणि तो पुष्कळ आहे.

धातूचा प्रश्नच नाही. बॉक्साइटपासून एक किलो अॅल्युमिनियम काढायला नुसत्या विद्युत्-विघटनालाच १३ ते १५ युनिट वीज लागते. तेवढ्या विजेवर घरातला फ्रिज दोन आठवडे सहज चालेल. तेच अॅल्युमिनियम भंगारातून वितळवलं तर मूळ ऊर्जेच्या सुमारे ५ टक्क्यांत भागतं, आणि धातूचा कस उतरत नाही. आज वितळलेला डबा पुन्हा डबा होऊ शकतो, कितीही वेळा. म्हणूनच आपल्याकडे रस्त्यावर टाकलेला कॅन फार वेळ पडून राहत नाही. फुटकं पातेलं, वाकलेला झारा, औषधाच्या मलमाची ट्यूब, जे काही धातूचं असेल ते वेगळं ठेवा.

कागदाचं गणित मधलं आहे. गिरणीत रद्दी मोठ्या टाकीत पाण्याबरोबर घुसळतात. तिचा लगदा होतो, पिना आणि प्लॅस्टिक गाळून काढतात, शाई सोडवतात आणि लगद्याचा पुन्हा कागद ओढतात. दर फेरीत तंतू तुटून आखूड होतात. पाच-सात फेऱ्यांनंतर ते इतके बारीक होतात की एकमेकांत अडकतच नाहीत. म्हणून पांढऱ्या कागदाचं वर्तमानपत्र, त्याचा पुठ्ठा, पुठ्ठ्याचा अंड्यांचा ट्रे असा कागद उतरत जातो. यात एक गोष्ट पूर्ण वर्ज्य आहे, ती म्हणजे तेल. वड्याखालचा तेलकट कागद किंवा चीज सांडलेला पिझ्झाचा खोका लगद्यात गेला तर तेल पाण्यात विरत नाही आणि कागदावर डाग पडतात. असा कागद फाडून ओल्या कचऱ्यात टाकला तर त्याचं चांगलं खत होतं. दुकानातली गुळगुळीत, नखाने ओरखडा काढला की काळी पडणारी बिलं मात्र दोन्हींत नको. त्यांवर रसायनाचा थर असतो.

प्लॅस्टिकवर जरा थांबावं लागेल, कारण 'प्लॅस्टिक' असा एक पदार्थ नसतोच. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पाण्याची, कोल्ड्रिंकची पारदर्शक बाटली, म्हणजे पेट. २ म्हणजे शाम्पूच्या, फिनाईलच्या जाड अपारदर्शक बाटल्या. ४ म्हणजे मऊ पिशव्या, आपल्या दुधाच्या पिशवीसारख्या. ५ म्हणजे श्रीखंडाचा, आइसक्रीमचा डबा. हे सगळे वेगवेगळ्या तापमानाला वितळतात. पेटला २५० अंशांच्या वर जावं लागतं, तर दोन नंबरचं प्लॅस्टिक १३० अंशांच्या आसपासच पातळ होतं. तीन नंबरचं पीव्हीसी पेटच्या भट्टीत गेलं तर ते वितळण्याऐवजी विघटित होतं आणि आम्ल सोडतं. त्या आम्लाने आजूबाजूचं पेटही पिवळं, ठिसूळ होतं. मिश्र प्लॅस्टिकला भाव का नसतो, ते यावरून कळेल.

पेटच्या बाटलीचं झाकण दुसऱ्या प्लॅस्टिकचं असतं. कारखान्यात बाटल्यांचा चुरा करून पाण्यात सोडतात तेव्हा झाकणाचे तुकडे तरंगतात आणि पेट बुडतं, म्हणून ते वेगळे करता येतात. तेव्हा झाकण काढलं नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. बाटली रिकामी आणि चेपलेली असणं जास्त उपयोगाचं. त्या चुऱ्यापासून धागा काढतात, आणि तो उशीच्या भरणात, गालिच्यात, हिवाळी जाकिटात जातो. बाटलीची बाटली होणं त्या मानाने अवघड. धागा एकदा कपड्यात गेला की तो परत येण्याचा रस्ता जवळजवळ बंद होतो. म्हणजे प्लॅस्टिकचं पुनर्चक्रीकरण हे बहुतेक वेळा चक्र नसून उतार असतो. उतारही उपयोगी आहे, कारण तेवढं नवं प्लॅस्टिक वाचतं, पण 'रिसायकल होतं' या शब्दांवर विसंबून बाटल्या घेत राहिलो तर हिशेब चुकतो.

दुधाच्या पिशवीला मिश्र प्लॅस्टिकची अडचण येत नाही. ती एकाच जातीच्या प्लॅस्टिकची असते, मऊ असते, आणि स्वच्छ असेल तर तिला गिऱ्हाईक आहे. कापताना मात्र कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीलाच लोंबत राहू द्या. नखाएवढा तो तुकडा कुणाच्या हाती लागत नाही. तो मोरीतून गटारात जातो आणि तिथेच राहतो.

आणि वेफर्सचं पाकीट? त्याच्यापुढे सगळे हात टेकतात. बाहेर छापलेला थर, आत अॅल्युमिनियमचा विरळ लेप, मध्ये आणखी प्लॅस्टिक, असे दोन-तीन थर एकमेकांना इतके घट्ट चिकटवलेले असतात की ते सोडवणं परवडत नाही. वजन काहीच नाही, म्हणून वेचणाऱ्याला पैसा नाही. फार तर ही पाकिटं सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या जागी जाळायला जातात. बिस्किटं, मसाले, एकेक रुपयाच्या पुड्या, सगळ्यांची हीच गत. ही पाकिटं पाणी वाया घालवून धुवत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. झटकून सुक्यात टाकावीत. याचं खरं उत्तर दुकानात आहे, मोरीत नाही. फुटाणे, शेंगदाणे, पोहे सुटे मिळत असतील तर डबा घेऊन जावं. आणि ज्यांनी ही पाकिटं बाजारात आणली, त्यांच्यावर ती परत घेण्याची जबाबदारी कायद्याने टाकलेली आहे, ती कडकपणे वसूल व्हायला हवी. गृहिणीच्या अपराधी भावनेने ते काम होणार नाही.

काच सरळ आहे. कितीही वेळा वितळते, पण त्यासाठी १५०० अंशांच्या आसपास भट्टी पेटवावी लागते, त्यामुळे बचत धातूसारखी डोळ्यांत भरत नाही. काचेला वजन फार, भाव कमी आणि हात कापण्याची भीती. तिच्या बाबतीत वितळवण्यापेक्षा अख्खी बाटली धुऊन पुन्हा भरणं केव्हाही सरस. लोणच्याची बरणी घरातच वापरात ठेवा.

हे सगळं झालं सुक्याबद्दल. पण आपल्या शहरी घरांतल्या कचऱ्याचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग ओला असतो. भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, उरलेलं अन्न. आणि सर्वांत जास्त नुकसानही तोच करतो. कचऱ्याच्या डोंगरात तो दाबला गेला की आत हवा पोचत नाही, बिनहवेचे जंतू त्याला कुजवतात आणि मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असते. तो पेटतोही. मुंबईच्या देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहिली आणि तिचा धूर शहरभर पसरला. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी वर्षानुवर्षं मारला गेला. तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या तेव्हा कुठे शहरातल्या रस्त्यांवर ढीग साचले आणि आम्हा शहरवाल्यांना आपला कचरा पहिल्यांदा दिसला. दुर्गंधी, काळं पाणी, नासलेल्या विहिरी हे त्या गावांनी सोसलं. ते आठवलं की मला डबा वेगळा ठेवण्याचा कंटाळा येत नाही.

घरी खत करणं अवघड नाही, फक्त त्याची रीत समजून घ्यावी लागते. जंतूंना खायला कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही लागतात, साधारण तिसास एक या प्रमाणात. भाजीच्या सालांत नायट्रोजन आणि पाणी जास्त. वाळलेला पाला, लाकडाचा भुसा, नारळाचा काथ्या यांत कार्बन जास्त. म्हणून ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर मूठ-दोन मुठी पाला पसरायचा. भोकं पाडलेली बादली किंवा माठ घ्यायचा, दर तीन-चार दिवसांनी ढवळायचं. मूठ दाबली तर ओलावा जाणवावा, पण पाणी ठिबकू नये. वास येऊ लागला तर समजा पाणी जास्त झालंय किंवा हवा कमी पडलीय. पाला वाढवा आणि ढवळा. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती कामालाच आलेली असते. दीड-दोन महिन्यांत काळं, मातीचा वास येणारं खत तयार होतं आणि पाच बादल्यांची जेमतेम एक उरते. सोसायटीत जमत असेल तर आणखी उत्तम, पण रोज ढवळायला माणूस ठरलेला हवा. आमच्या सोसायटीतलं महागडं यंत्र दोन वर्षं बंद पडून होतं. साधे विटांचे हौद आणि एक ठरलेला माणूस आल्यावर काम सुरू झालं.

पुन्हा वापरण्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. बाटलीला रंग देऊन फुलदाणी करणं हा छंद म्हणून छान आहे, पण त्याने कचरा कमी होत नाही. वस्तू कचऱ्यात जाण्याची तारीख फक्त पुढे ढकलली जाते, आणि रंग लागल्यावर ती भंगारातही चालत नाही. वापर असा असावा की त्यामुळे एक नवी वस्तू घेणं टळावं. आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी झाली तेव्हा एक रजई विकत आणावी लागली नाही. बोहारीण जुने कपडे घेऊन भांडं द्यायची तेव्हा ते कपडे पुढच्या कुणाच्या तरी अंगावर जायचे. चपलेला टाच लावणं, मिक्सर दुरुस्त करून घेणं, पिशवी सोबत बाळगणं ही त्याच जातीची कामं आहेत.

राहिलं जोखमीचं. संपलेले सेल, बल्ब, जुनी औषधं वेगळ्या डब्यात जमवावीत आणि संकलन होईल तेव्हा द्यावीत. सॅनिटरी पॅड आणि लहानग्यांचे डायपर कधीच उघडे टाकू नयेत. माल हाताने निवडला जातो आणि हातमोजे प्रत्येकीकडे असतातच असं नाही. पुण्यात यासाठी एक साधी खूण सांगितली जाते. वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा. फुटलेली काचही मी अशीच जाड कागदात बांधतो. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना मी एकदा विचारलं, "वर 'काच' असं लिहू का?" त्या म्हणाल्या, "लिहू नका. मला वाचता येत नाही. हातात द्या आणि सांगा."

तेव्हापासून काचेचं पुडकं गोणीत जात नाही. ते दाराशी वेगळं ठेवलेलं असतं आणि सकाळी मावशी आल्या की त्यांच्या हातात जातं.