बॅटरीचा क्लॅम्प तुटला? बॅटरी बदलायची घाई नको

तेल्हाऱ्याच्या उन्हाळ्यात गाडी 'टक्' करून गप्प बसली की पहिला संशय बॅटरीवर येतो. पण आधी बोनेट उघडा आणि क्लॅम्प हातानं हलवून पाहा. तो हलत असेल, किंवा बोल्टाजवळ केसासारखी चीर दिसत असेल, तर दोष तिथंच असू शकतो. शिसं मऊ असतं; बोल्ट जास्त आवळला की तडकतं. तडकलेल्या क्लॅम्पला तार गुंडाळून काम भागवू नका. स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, सैल जोड तापतो.

नवा क्लॅम्प स्वस्तात मिळतो. घेताना जुना सोबत न्या, कारण प्लसचा खांब मायनसपेक्षा जाड असतो: नेहमीच्या जाड खांबांत साधारण 19.5 आणि 17.9 मिलिमीटर, बारीक खांबांत 14.7 आणि 13.

इंजिन बंद करा, बिडी-काडी दूर ठेवा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो. आधी मायनस काढा, मग प्लस. पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, सोडा झाकणातून आत जाऊ देऊ नका. केबलचं टोक तांब्याचं लख्ख दिसेपर्यंत घासा. काळं पडलेलं असेल तर तेवढं कापून टाका. मग नवा क्लॅम्प घट्ट बसवा. हातोडीनं ठोकू नका, खांब आतून तुटतो. जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस. वरून थोडं व्हॅसलिन लावा.

ट्रॅक्टरवाल्यांनो, हंगामाआधी एकदा हे दोन्ही क्लॅम्प तपासाच.