कम्युनिटी कॉलेज : दार सगळ्यांना उघडं असलेलं गावचं कॉलेज



दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्याकडं दोन प्रकारची घरं दिसतात. एका घरात पेढे वाटले जातात, दुसऱ्या घरात "आता याचं पुढं काय?" हा प्रश्न जेवणाच्या ताटावर येऊन बसतो. आजचा लेख दुसऱ्या घरासाठी आहे. कमी गुण, कमी पैसे किंवा मध्येच सुटलेलं शिक्षण असलेल्या माणसासाठी समाजानं कोणतं दार उघडं ठेवावं? अमेरिकेनं या प्रश्नावर शोधलेलं एक उत्तर म्हणजे 'कम्युनिटी कॉलेज'. ते नेमकं काय असतं, ते बघू या.

सुरुवात सहा विद्यार्थ्यांपासून

शिकागोपासून साधारण ६० किलोमीटरवर जोलिएट नावाचं शहर आहे. दगडाच्या खाणी, कालवा, रेल्वे आणि पोलादाचे कारखाने यांवर वाढलेलं, कामगारांचं गाव. तिथल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्यापुढं एक साधी अडचण होती. हुशार मुलं शाळा संपवत होती, पण घर सोडून विद्यापीठात जाण्याची ऐपत सगळ्यांची नव्हती. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचं मत होतं की पदवीची पहिली दोन वर्षं विद्यापीठाबाहेरही शिकवता येतील. दोघांच्या विचारातून १९०१ मध्ये हायस्कूलच्याच इमारतीत पुढचे वर्ग सुरू झाले. विद्यार्थी किती? फक्त सहा! तेच आजचं जोलिएट ज्युनिअर कॉलेज, अमेरिकेतलं सर्वांत जुनं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज.

इथं एक गोंधळ दूर करू या. आपल्याकडं 'ज्युनिअर कॉलेज' म्हणजे अकरावी-बारावी. तिकडं मात्र बारावीनंतरची, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं. त्यामुळे मुलांना सांगताना हा फरक आधी स्पष्ट करावा.

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना शिकायचं होतं. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगानं अशी कॉलेजं गावोगावी काढावीत असा आग्रह धरला आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झालं. आज अशी सुमारे एक हजार कॉलेजं आहेत.

हे कॉलेज चालतं कसं?

१) प्रवेश सगळ्यांना. शाळा पूर्ण केलेल्या कोणालाही प्रवेश मिळतो, कटऑफ लिस्ट नाही. (नर्सिंगसारख्या काही अभ्यासक्रमांना मात्र वेगळ्या अटी असतात.) ज्यांची शाळाच सुटली, त्यांच्यासाठी शाळेच्या समकक्ष परीक्षेची तयारी तिथंच होते.

२) फी कमी. स्थानिक विद्यार्थ्याला वर्षाला सरासरी ४,००० डॉलरच्या आसपास फी पडते. राज्याच्या चार वर्षांच्या विद्यापीठात ती ११,००० डॉलरच्या वर जाते. शिवाय मूल घरीच राहतं, म्हणून राहण्या-जेवणाचा खर्च वाचतो.

३) दोन वाटा. पहिल्या वाटेनं दोन वर्षं शिकून क्रेडिट घेऊन विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाता येतं. दुसऱ्या वाटेनं नर्सिंग, वेल्डिंग, वाहनदुरुस्ती, स्वयंपाकशास्त्र, शेती असं थेट कामाचं शिक्षण घेता येतं.

४) मालकी परिसराची. इलिनॉय राज्यानं १९६५ च्या कायद्यानं या कॉलेजांसाठी स्वतंत्र जिल्हे आखले. तिथले लोक मतदान करून कॉलेजचे विश्वस्त निवडतात. पैसा तीन ठिकाणांहून येतो : विद्यार्थ्यांची फी, राज्याचं अनुदान आणि परिसरातल्या घरा-जमिनीवरचा कर.

चौथा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या घरात कॉलेजला जाणारं कोणी नाही, तोही कराच्या रूपानं कॉलेजला हातभार लावतो. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ पासून उभी राहिली, ती गावकऱ्यांच्या मूठ-मूठ धान्यावर आणि 'कमवा आणि शिका'च्या घामावर. फरक एवढाच की तिकडं तो वाटा कायद्यानं ठरलेला आहे.

गावाला काय मिळतं?

गाव बदललं की कॉलेजचा अभ्यासक्रमही बदलतो. जोलिएटच्या पोलाद कारखान्यांचे दिवस सरले, आता तो भाग मोठमोठ्या गोदामांचा आणि मालवाहतुकीचा झाला आहे. जुनं काम सुटलेल्या चाळिशीच्या माणसाला नवं कौशल्य कुठं मिळणार? गावच्या कॉलेजात. म्हणून अशा वर्गात अठरा वर्षांच्या मुलाशेजारी दोन लेकरांची आई बसलेली दिसते. वर्ग संध्याकाळीही भरतात. नव्यानं देशात आलेल्यांना इंग्रजी शिकवलं जातं, हायस्कूलची मुलं शाळा शिकता शिकता कॉलेजची क्रेडिट मिळवतात. न्यू जर्सीच्या एडिसन भागात भारतीय वस्ती मोठी आहे. तिथलं मिडलसेक्स कॉलेज हेही अशाच प्रकारचं.

पण दार उघडलं म्हणजे झालं का?

नाही. ही दुसरी बाजू पालकांनी नक्की वाचावी. प्रवेश घेणारे बहुतेक जण "पुढं पदवी घेणार" असं म्हणतात, पण सहा वर्षांत पदवीपर्यंत पोचणारे पाचात एकही भरत नाहीत. कारणं आपल्या ओळखीचीच आहेत. नोकरी, घरची जबाबदारी, कच्चं गणित. गणित कच्चं म्हणून उजळणीचे वर्ग करावे लागतात, त्यांची क्रेडिट पदवीत धरली जात नाहीत, फी मात्र भरावी लागते. मूल थकतं आणि गुपचूप येणं बंद करतं. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्येच मांडलं होतं की ही कॉलेजं मुलांची मोठी स्वप्नं हळूहळू थंड करतात.

यावर उपाय सापडला का? काही प्रमाणात, हो. न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं २००७ मध्ये 'असॅप' नावाचा उपक्रम सुरू केला. पूर्ण वेळ शिकायची अट, पण सोबत नियमित भेटणारा सल्लागार, प्रवासाचा पास, पुस्तकांना मदत आणि उरलेली फी माफ. परिणाम बघा : तीन वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण करणारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. बदलली होती ती पाठीशी असलेली माणसं आणि बसभाडं!

आपल्याकडं काय आहे?

पाँडिचेरी विद्यापीठानं १९९५ मध्ये कम्युनिटी कॉलेज सुरू केलं. पुढं बाराव्या पंचवार्षिक योजनेत विद्यापीठ अनुदान आयोगानंही अशी योजना आणली. आपल्या राज्यात १९८९ पासून नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ शिक्षण सुटलेल्यांना पुन्हा जोडून घेत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि मिळवलेली क्रेडिट जमा ठेवण्याची सोय आहे. म्हणजे दारं आहेत. पण ती आहेत हे मुलांना सांगणारं कोणीतरी हवं, आणि आत गेल्यावर हात धरणारं कोणीतरी हवं. ते काम आपलं आहे.

वर्गासाठी उपक्रम (इयत्ता नववी-दहावी)

मुलांचे गट करा आणि विचारा : "आपल्या तालुक्यात असं कॉलेज काढायचं ठरलं, तर त्यात कोणते तीन अभ्यासक्रम हवेत? का? वर्ग किती वाजता भरावेत? शिक्षण सुटलेल्या तुमच्या ओळखीच्या एका माणसाला परत यायला काय अडचण येईल?"

शेवटच्या प्रश्नाला मुलं जी उत्तरं देतील, ती वहीत लिहून ठेवा. पुढच्या पालकसभेत तीच वाचून दाखवता येतील.