प्रतिपिंडांची विविधता कोठून येते? सुरुवातीचे सिद्धांत

आधी अडचण समजून घ्या. निसर्गात कधीच नसलेले, प्रयोगशाळेत बनवलेले रसायन प्रथिनाला जोडून टोचले, तरी प्राण्याचे शरीर त्याच्याविरुद्ध नेमके प्रतिपिंड बनवते. हे कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवले. मग शरीराला त्या रसायनाचा आकार कळला कसा?

लायनस पॉलिंग यांचे १९४० मधील उत्तर असे : प्रतिपिंडाची साखळी एकच असते, ती प्रतिजनाभोवती दुमडते आणि त्याच्या साच्याप्रमाणे आकार घेते. कल्पना सुबक होती, पण टिकली नाही. १९६४ मध्ये एडगर हेबर यांनी प्रतिपिंडाच्या एका तुकड्याची घडी पूर्ण उलगडली आणि प्रतिजन जवळ नसताना ती पुन्हा बसू दिली. तुकडा पूर्वीचेच प्रतिजन ओळखू लागला! म्हणजे ओळख अमिनो आम्लांच्या क्रमातच असते, आणि क्रम तर जनुक ठरवते.

आता वाद जनुकांवर आला. एक गट म्हणे, सगळी जनुके आईवडिलांकडूनच मिळतात. दुसरा म्हणे, मिळतात थोडीच. पुढे पेशींत उत्परिवर्तने होऊन ती वाढतात.

खरी गंमत हलक्या साखळीत होती. तिचा अर्धा भाग प्रत्येक प्रतिपिंडात वेगळा, उरलेला अर्धा जवळजवळ सारखाच. हजारो स्वतंत्र जनुके असती, तर लाखो वर्षांत प्रत्येकाचा हा दुसरा अर्धा भाग न बदलता राहिला कसा? विल्यम ड्रेयर आणि क्लॉड बेनेट यांनी १९६५ मध्ये सुचवले की स्थिर भागाचे जनुक एकच, बदलत्या भागाची अनेक, आणि पेशीत ती जोडली जातात. एकच मूठ आणि बदलती पाती असलेला स्क्रू-ड्रायव्हर आठवा. 'एक जनुक, एक साखळी' मानणाऱ्या त्या काळात हे धाडसाचेच होते.

पुरावा १९७६ मध्ये बाझेलला मिळाला. नोबुमिची होझुमी आणि सुसुमु तोनेगावा यांनी उंदराच्या भ्रूणाचा आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या गाठीचा डीएनए एकाच विकराने कापला. भ्रूणात दोन्ही भाग वेगवेगळ्या तुकड्यांवर सापडले, गाठीत एकाच तुकड्यावर. जनुकच जागा बदलते!

हिशेब करून पाहा. माणसाच्या जड साखळीसाठी साधारण ४०, २३ आणि ६ तुकडे, तर कॅपा या हलक्या साखळीसाठी ४० आणि ५. पहिल्यांचा गुणाकार ५,५२०, दुसऱ्यांचा २००. मिळून सुमारे ११ लाख जोड्या, त्याही जेमतेम ११४ तुकड्यांतून. शिवाय सांधे जुळताना अक्षरे कमीजास्त होतात आणि प्रतिजन भेटल्यावर पेशींत उत्परिवर्तनेही होतात, म्हणजे दुसरा गटही अगदीच चुकला नव्हता.