भान शाबूत असतानाही आकडी येऊ शकते
पहिल्या प्रसंगानंतर रुग्णाने व कुटुंबाने घ्यावयाची काळजी

(भिलाई-दुर्ग परिसरातील मराठी भाषक कुटुंबे व दवाखान्यात येणारे नागरिक यांच्यासाठी माहितीपत्रक)

एका हाताचा अंगठा अचानक आपोआप उडू लागतो. ती हालचाल मनगटाकडे, कोपराकडे आणि कधी गालापर्यंत सरकते. दीड-दोन मिनिटांत सर्व थांबते. या काळात ती व्यक्ती शुद्धीवर असते, समोरच्याचे बोलणे ऐकते आणि नंतर घडलेला प्रकार क्रमाने सांगू शकते. म्हणूनच घरात असे म्हटले जाते की, आकडी असती तर शुद्ध हरपली असती. हा अशक्तपणा असावा किंवा नस दबली असावी. हा समज चुकीचा आहे. भान पूर्ण शाबूत असतानाही आकडी येऊ शकते. अशा पहिल्या प्रसंगाची वेळेवर तपासणी झाली, तर पुढील मोठी आकडी आणि तिच्यामुळे होणारा अपघात बहुतेक वेळा टाळता येतो.

भान का जात नाही?

मेंदूतील पेशी सूक्ष्म विद्युत संदेशांनी एकमेकींशी संपर्क साधतात. काही पेशींचा समूह एकाच वेळी अनियंत्रित संदेश सोडू लागला, म्हणजे आकडी येते. हा बिघाड संपूर्ण मेंदूत पसरला, तर माणूस बेशुद्ध होऊन कोसळतो व त्याचे सर्व अंग आखडते. तो मेंदूच्या एका लहान भागापुरता राहिला, तर त्या भागाच्या कार्यापुरतीच लक्षणे दिसतात आणि भान टिकून राहते.

'अपस्मार' या शब्दाचा अर्थच स्मृतीचा लोप असा आहे. चरकसंहितेपासून चालत आलेल्या या नावामुळे भान हरपणे हीच आकडीची खूण, असे आपण मानत आलो. वैद्यकशास्त्राने मात्र भान असतानाच्या आकडीला फार पूर्वीच मान्यता दिली आहे. एका अवयवातून दुसऱ्याकडे सरकत जाणाऱ्या आकडीचे वर्णन एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील डॉ. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी केले. जुन्या कागदपत्रांत अशा आकडीला 'सिम्पल पार्शियल सीझर' म्हटलेले आढळते. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला 'फोकल अवेअर सीझर' असे नाव आहे. दोन्ही नावे एकाच प्रकाराची आहेत.

ही आकडी कशी ओळखावी?

मेंदूचा जो भाग बिघडतो, त्याप्रमाणे लक्षणे बदलतात. पुढीलपैकी एखादे लक्षण दिसू शकते :

• चेहरा, हात किंवा पाय एकाच बाजूला आपोआप उडणे.
• शरीराच्या एका बाजूस मुंग्या येणे किंवा बधिरता, व ती काही सेकंदांत पसरत जाणे.
• आसपास काही नसताना जळल्यासारखा किंवा विचित्र वास येणे. तोंडास वेगळी चव येणे.
• एका बाजूस रंगीत ठिपके किंवा चमकणारा प्रकाश दिसणे.
• पोटातून काहीतरी उसळून छातीकडे येत असल्याची जाणीव. लहान मुले याला 'पोटात कसेतरी होते' एवढेच म्हणतात.
• कारण नसताना एकाएकी तीव्र भीती वाटणे, किंवा 'हे सर्व पूर्वी घडून गेले आहे' असे प्रकर्षाने जाणवणे.
• बोलणे समजत असूनही काही क्षण शब्द न फुटणे.

यातील एखादा अनुभव आयुष्यात एकदा आला, म्हणजे ती आकडीच असे नाही. आकडीच्या तीन खुणा आहेत : ती अचानक सुरू होते, बहुधा दोन मिनिटांच्या आत संपते आणि पुन्हा आल्यास जवळजवळ त्याच स्वरूपात येते. काही वेळा भान असतानाची ही आकडी मोठ्या आकडीची सुरुवात असते. काही सेकंदांत बिघाड मेंदूभर पसरतो व शुद्ध हरपते.

आकडीसारखे भासणारे इतर आजार

पक्षाघातात शक्ती, वाचा किंवा दृष्टी एकाएकी कमी होते. आकडीत बहुधा काहीतरी अधिकचे घडते, जसे अवयव उडणे, वास येणे, प्रकाश दिसणे. तथापि आकडीनंतरही हातपाय काही काळ लुळे पडू शकतात. हा भेद घरी ठरवू नये. चेहरा वाकडा होणे, एक हात उचलता न येणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसल्यास पक्षाघात समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. मेंदूतील गाठ विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

अर्धशिशीपूर्वी दिसणारा प्रकाश सावकाश, अनेक मिनिटांत पसरतो. घबराटीचा झटका बराच वेळ टिकतो. त्यात श्वास जलद होतो व दोन्ही हातांना मुंग्या येतात. रक्तातील साखर घसरल्यास घाम, थरथर व गोंधळ जाणवतो. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी अशा वेळी साखर प्रथम तपासावी.

त्या क्षणी काय करावे?

लक्षण जाणवताच व्यक्तीने :

१. हातातील काम सोडून जमिनीवर बसावे. चूल, गॅस, पाणी, जिना, चालते यंत्र व रस्ता यांपासून दूर व्हावे.
२. जवळच्या व्यक्तीस लगेच सांगावे. बोलता येत नसल्यास हाताने खूण करावी.
३. दुचाकी चालवीत असल्यास वेग कमी करून कडेला थांबावे व पुन्हा वाहन चालवू नये.

जवळच्या व्यक्तीने :

१. घड्याळात वेळ पाहावी.
२. धीर द्यावा, सोबत राहावे. शक्य असल्यास मोबाइलवर चित्रण करावे. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.
३. शुद्ध हरपल्यास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत.
४. हातपाय दाबून धरू नयेत. दातांमध्ये चमचा, बोट किंवा कापड घालू नये. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नये. कांदा किंवा चप्पल हुंगविणे, हातात किल्ल्या देणे यांनी आकडी थांबत नाही; ती आपोआप थांबते.

१०८ क्रमांकावर त्वरित दूरध्वनी करावा, जर : आकडी पाच मिनिटांहून अधिक टिकली, एकापाठोपाठ दुसरी आली, ताप, तीव्र डोकेदुखी किंवा मान आखडणे सोबत असेल, डोक्यास मार लागला असेल, आकडी पाण्यात आली असेल, रुग्ण गरोदर असेल, किंवा आकडीनंतर शुद्ध अथवा हातापायांतील शक्ती परत येत नसेल.

यांपैकी काहीही नसले, तरी पहिल्या प्रसंगानंतर त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना भेटावे.

कोठे जावे?

जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा आपल्या भागातील मितानिनकडे प्रथम चौकशी करता येते. सुपेला येथील लाल बहादूर शास्त्री शासकीय रुग्णालय व दुर्ग येथील जिल्हा रुग्णालय ही शासकीय रुग्णालये आहेत. पोलाद कारखान्याचे कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय यांना सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र जवळचे आहे. मेंदूविकारतज्ज्ञाची आवश्यकता भासल्यास रायपूरच्या टाटीबंध येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत पाठविले जाऊ शकते. रुग्णालयात भरती होण्याची वेळ आल्यास पात्र कुटुंबांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. कार्ड सोबत न्यावे.

डॉक्टरांना कसे सांगावे?

या आजाराचे निदान प्रामुख्याने रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून असते. 'चक्कर आली' एवढेच सांगितले, तर कान, रक्तदाब किंवा अशक्तपणा यांवर उपचार सुरू होण्याचा संभव असतो. म्हणून नेमके काय झाले ते सांगावे : कोणत्या बाजूस, कोठून सुरुवात झाली, कोठवर पसरले, किती वेळ टिकले, बोलता येत होते का, नंतर कोणता अवयव जड वाटला. आदल्या रात्रीची झोप, ताप, चालू असलेली औषधे व मद्यसेवन यांचीही माहिती द्यावी. नियमित मद्यपान एकाएकी थांबविल्यास साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत आकडी येऊ शकते. ही बाब लपवू नये.

येथील रुग्णालयांत संभाषण बहुधा हिंदीतून होते. आपण ज्याला आकडी म्हणतो, त्याला हिंदीत 'दौरा' किंवा 'झटका' म्हणतात. 'मुंग्या येत होत्या' याऐवजी 'झुनझुनी हो रही थी' आणि 'शुद्धीवर होतो' याऐवजी 'होश में था' असे सांगावे. घरातील वयस्क व्यक्ती केवळ मराठीच बोलत असतील, तर प्रसंग पाहणाऱ्या व्यक्तीने सोबत जावे.

कोणत्या तपासण्या होतात?

रक्तातील साखर, सोडियम व कॅल्शियम तपासले जाते. मेंदूचा विद्युत आलेख, म्हणजे ईईजी, आणि एमआरआय किंवा सीटी स्कॅन यांचा सल्ला दिला जातो. ईईजी सामान्य आला म्हणजे आकडी नव्हती, असे समजू नये. भान असतानाच्या आकडीत बिघडलेला भाग लहान किंवा खोलवर असतो व तो आलेखात अनेकदा उमटत नाही.

भारतात अशा आकडीचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे डुकराच्या मांसातील फीतकृमीची मेंदूत शिरलेली अळी. सीटी स्कॅनमध्ये दिसणारे एकच लहान वलय पूर्वी बहुधा क्षयाची गाठ मानले जाई. यांतील अनेक वलये या अळीमुळे असल्याचे वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी १९८९ मध्ये दाखवून दिले. शाकाहारी व्यक्तीसही हा आजार होतो, कारण कृमीची अंडी दूषित पाणी, न धुतलेली पालेभाजी व अस्वच्छ हात यांवाटे पोटात जातात. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, भाजी स्वच्छ पाण्याने धुणे आणि उघड्यावर शौच टाळणे हा यावरील खरा प्रतिबंध आहे. आकडी आल्यानंतर तपासणी होण्यापूर्वी जंतनाशक गोळी स्वतःहून घेऊ नये. मेंदूत अळी असल्यास तेथे सूज वाढू शकते. क्षय, जुना पक्षाघात, डोक्याची जुनी इजा व मेंदूतील गाठ हीदेखील आकडीची कारणे असू शकतात.

औषध लगेच सुरू करावे लागते का?

प्रत्येकास नाही. एका आकडीला अपस्मार म्हणत नाहीत. ताप, साखर किंवा सोडियममधील बदल यांसारखे तात्कालिक कारण सापडले, तर प्रथम त्यावरच उपचार होतो. तात्कालिक कारणाशिवाय आलेल्या पहिल्या आकडीनंतर प्रौढांमध्ये पुढील दोन वर्षांत दुसरी येण्याची शक्यता २१ ते ४५ टक्के असते; स्कॅनमध्ये व्रण किंवा ईईजीत दोष आढळल्यास ती वाढते. हे पाहून डॉक्टर निर्णय घेतात. औषध सुरू झाल्यास ते रोज ठरल्या वेळी घ्यावे व बरे वाटले म्हणून मध्येच बंद करू नये. गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांनी तसे आधीच सांगावे, कारण काही औषधे गर्भास हानिकारक असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य निदान व उपचार मिळाल्यास अपस्माराचे सुमारे ७० टक्के रुग्ण आकडीमुक्त राहू शकतात.

तोपर्यंतची खबरदारी

डॉक्टरांनी अनुमती देईपर्यंत वाहन चालवू नये. वाहन परवान्याच्या नमुना १ मधील घोषणेत अपस्मार व अचानक भान हरपणे यांविषयी स्पष्ट प्रश्न आहे. भिलाईत बरेच कामगार भट्टी, क्रेन, उंच शिड्या व फिरत्या पट्ट्यांजवळ काम करतात. अशा ठिकाणी दहा सेकंद हात निकामी झाला, तरी स्वतःचा व सहकाऱ्यांचा जीव धोक्यात येतो. रोजी जाईल या भीतीने प्रसंग दडवू नये. कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांस सांगून काही काळ जमिनीवरील सुरक्षित काम मागावे. ठेकेदाराकडील कामगारांनी डॉक्टरांची लेखी चिठ्ठी पर्यवेक्षकास द्यावी. तळ्यात किंवा नदीत एकट्याने उतरू नये. स्नान करताना आतून कडी लावू नये. स्वयंपाक शक्यतो कोणी सोबत असताना करावा. झोप पूर्ण घ्यावी, मद्य टाळावे.

कुटुंबाची भूमिका

आकडी संसर्गजन्य नाही, ती बाहेरची बाधा नाही आणि वेडही नाही. मुलीच्या विवाहाच्या चिंतेने अनेक घरांत पहिला प्रसंग लपविला जातो व उपचारांस उशीर होतो. हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांतील विवाहाच्या अटींमधून अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला आहे. मूल शाळेत जात असल्यास शिक्षकांना कल्पना द्यावी. शाळा बंद करू नये.

लक्षात ठेवावे

• शुद्धीवर असतानाही आकडी येऊ शकते.
• प्रसंग थोडक्यात संपला, तरी तपासणी टाळू नये.
• दिनांक, वेळ, बाजू व कालावधी वहीत लिहून ठेवावा.
• तपासणी होईपर्यंत वाहन, उंची, आग व पाणी यांपासून दूर राहावे.
• पाच मिनिटांहून अधिक आकडी टिकल्यास १०८.